अंथरूण दरवर्षी लांबतं, तेव्हा पाय किती पसरायचे?

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, संपला की अमेरिकन फुटबॉलचे चाहते हिशेबनीस होतात. मैदानावर काही घडत नसतं, मग कुणाचा करार किती वर्षांचा, कुणाला सोडलं तर किती वाचतात, पुढच्या वर्षाच्या पोटात काय काय ढकलून ठेवलंय, यावर रात्र रात्र वाद रंगतात. न्यू जर्सीतल्या मराठी मित्रमंडळींपासून मोठ्या वाहिन्यांवरच्या चर्चांपर्यंत सूर तेच दोन. पहिला म्हणतो, सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा, हे थोतांड आहे. ज्याला खेळाडू हवा त्याला तो मिळतोच, बाकी सगळी कागदावरची कसरत. दुसरा म्हणतो, आज मजा माराल, दोन वर्षांनी रडाल. अंथरूण पाहून पाय पसरावेत. माझ्या मते दोघेही भलत्याच प्रश्नावर हिरीरीने भांडताहेत. कॅप खरी आहे, अगदी डॉलर-डॉलरने खरी. पण पुढच्या वर्षांतून उचल घेणं हे पाप नाही, काही वेळा तर ती न घेणं हाच नादानपणा ठरतो. उचल कुणासाठी घेतली आणि कधी घेतली, यावर सगळं ठरतं. आणि ‘कॅपमध्ये बसलं नाही हो’ हे जे वाक्य दर मार्चमध्ये क्लबच्या कचेऱ्यांतून ऐकू येतं, त्याखाली बहुतेक वेळा त्याच कचेरीने आधी केलेली एखादी निवड झाकलेली असते.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा फुटबॉल. लीगचं नाव नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. ३२ संघ, आणि प्रत्येकाला खेळाडूंवरच्या वार्षिक खर्चाची सारखीच कमाल मर्यादा. १९९४ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ साली २७ कोटी ९२ लाख. मार्चच्या मध्यावर लीगचं नवं वर्ष लागतं आणि त्या दिवशी दुपारी चारला प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावाच लागतो. बेसबॉलसारखा कर भरून मर्यादा ओलांडायची मुभा इथे नाही. आपल्याला यातलं जवळचं उदाहरण म्हणजे आयपीएलच्या लिलावातली पर्स. मुंबई इंडियन्सने २०२५च्या मोठ्या लिलावाआधी बुमरा, हार्दिक, सूर्यकुमार, रोहित आणि तिलक वर्मा या पाच जणांवर १२० कोटींतले ७५ कोटी लावले आणि उरलेल्या ४५ कोटींत बाकीचा संघ उभा केला. विषय संपला. पुढच्या हंगामाच्या पर्समधून आज दहा कोटी ओढून आणायची सोय तिथे नाही. एनएफएलमध्ये ती आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

ती कशी चालते? समजा एका खेळाडूचा यंदाचा पगार २ कोटी १५ लाख डॉलर आहे आणि कराराची दोनच वर्षं उरली आहेत. क्लब त्यातले २ कोटी ‘साइनिंग बोनस’ म्हणून आजच त्याच्या हातात ठेवतो आणि पगार १५ लाखांवर आणतो. खेळाडूचा एक छदामही कमी होत नाही, उलट हप्त्याहप्त्याने यायचे ते आधीच येतात. म्हणून तो तक्रार करत नाही. हिशेबात मात्र हा बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटता येतो. वर्षं दोनच उरली असतील तर मागे तीन पोकळ वर्षं चिकटवायची. त्या वर्षांत तो इथे खेळणार नाही हे क्लबलाही ठाऊक असतं आणि त्यालाही. मग दर वर्षाच्या खात्यावर ४० लाख पडतात. यंदाचा आकडा २ कोटी १५ लाखांवरून ५५ लाखांवर येतो, १ कोटी ६० लाखांची जागा मोकळी होते आणि त्या जागेत दुसरा एखादा बचावपटू बसवता येतो. दोन वर्षांनी करार संपला की राहिलेले १ कोटी २० लाख एकदम अंगावर येतात. खेळाडू दुसऱ्या गावात, आकडा तुमच्या वहीत. त्याला म्हणतात ‘डेड मनी’. करार मध्येच मोडला आणि तो १ जूननंतरचा धरला, तर हा भार दोन वर्षांत विभागता येतो. ऑफ-सीझनच्या हिशेबातल्या बहुतेक करामती याच एका चालीची रूपं आहेत.

आता कॅपला थोतांड म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. कोविडमुळे रिकाम्या स्टेडियमांत हंगाम झाला आणि २०२१ साली मर्यादा १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली. तिथून चार वर्षांत ती ५३ टक्के वाढली. म्हणजे २०२१ मध्ये ज्याने १ कोटी डॉलर २०२५ वर ढकलले, त्याने त्या वर्षीच्या मर्यादेचे साडेपाच टक्के वाचवले आणि फेडताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोजले. व्याज शून्य. बिनव्याजी कर्ज, आणि फेडायच्या वेळी मिळकत दीडपट: असं कर्ज कोणता शहाणा माणूस नाकारेल? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण ती म्हण लांबी ठरलेल्या अंथरुणासाठी आहे. इथलं अंथरूण दरवर्षी लांबतं, आणि का लांबतं हेही गूढ नाही. २०२१ मध्ये लीगने टीव्ही कंपन्यांशी अकरा वर्षांचे, एकूण १०० अब्ज डॉलरच्या वरचे करार केले. लीगच्या एकूण महसुलातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असं खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात लिहिलेलं आहे. उत्पन्न वाढणार हे आधीच छापून ठेवलेलं असताना जो मॅनेजर आजच्या आकड्यात अंग चोरून बसतो, त्याला काटकसरी म्हणणं मला जड जातं.

मग कॅप खोटी ठरली का? डेन्व्हरकडे बघा. मार्च २०२२ मध्ये ब्रॉन्कोजनी सिएटलहून रसेल विल्सन या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकून चढाई चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, आणलं. बदल्यात दोन पहिल्या फेरीतल्या आणि दोन दुसऱ्या फेरीतल्या ड्राफ्ट निवडी (कॉलेजातले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचे हक्क) दिल्या, वर तीन खेळाडू. त्याने ब्रॉन्कोजच्या जर्सीत हंगामातला एकही सामना खेळण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, पाच वर्षांचा २४ कोटी डॉलरहून मोठा नवा करार त्याच्या पुढ्यात ठेवला. पहिल्या हंगामात संघ ५ जिंकला, १२ हरला. दोन वर्षांत त्याला सोडलं तेव्हा डेड मनीचा आकडा होता साडेआठ कोटी: ५ कोटी ३० लाख २०२४ च्या खात्यावर, ३ कोटी २० लाख २०२५ च्या. २०२४ साली मर्यादेचा पाचवा हिस्सा अशा माणसावर गेला जो पिट्सबर्गसाठी खेळत होता. पिट्सबर्ग त्याला लीगचा किमान पगार देत होता, १२ लाख १० हजार. बाकीचे पावणेचार कोटींहून अधिक डेन्व्हर पाठवत होतं. याला थोतांड म्हणायचं असेल तर म्हणा.

इथे समोरचा लगेच हुकमाचं पान टाकतो: पण त्याच २०२४ मध्ये डेन्व्हर १० सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेलं ना? गेलं, आणि तेही २०१५ च्या विजेतेपदानंतर पहिल्यांदाच. पण कसं गेलं ते पाहा. त्यांनी ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर बो निक्स घेतला आणि तो चालला. त्याच्या चार वर्षांच्या कराराची एकूण रक्कम २ कोटी डॉलरच्या आत आहे. हे स्वस्त दर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारातून आले. त्याआधी, २०१० मध्ये, ड्राफ्टमधल्या पहिल्या खेळाडूला, सॅम ब्रॅडफर्डला, ५ कोटींची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनच्या चार वर्षांच्या कराराची अख्खी रक्कम २ कोटी २० लाख होती. म्हणजे डेन्व्हरला एका कोवळ्या क्वार्टरबॅकच्या स्वस्ताईने तारलं. नवखा क्वार्टरबॅक पहिल्याच वर्षी चालणं ही काही दर मार्चमध्ये मागवता येणारी वस्तू नाही. क्लीव्हलंडला विचारा. त्यांनी त्याच २०२२ च्या मार्चमध्ये क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलर दिले, संपूर्ण हमीने, आणि तीन पहिल्या फेरीतल्या निवडीही गमावल्या. तीन हंगामांत तो १९ सामने खेळला. त्याचा आकडा दरवर्षी पुढे ढकलत ढकलत २०२५ मध्ये ७ कोटींच्या वर गेला आणि मग तोही पुन्हा ढकलावा लागला. कर्ज तेच, साधन तेच, पण तारायला कुणी नव्हतं: २०२४ मध्ये ३ विजय, १४ पराभव.

दुसरी बाजू, म्हणजे काटकसरवाली मंडळी, अशा वेळी न्यू ऑर्लिन्सचं नाव घेतात, आणि बरोबर घेतात. सेंट्स आणि त्यांचे जनरल मॅनेजर मिकी लूमिस यांनी पुढे ढकलण्याची कला इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा जास्त वापरली. २०२१ च्या ऑफ-सीझनला ते मर्यादेच्या सुमारे दहा कोटी डॉलर वर होते, तेही मर्यादाच घसरलेली असताना. क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसने निवृत्तीआधी आपला अडीच कोटींचा पगार किमान दरावर आणून त्यांना हात दिला. टेसम हिल नावाच्या, थोडा क्वार्टरबॅक, थोडा टाइट एंड, थोडं सगळंच असलेल्या खेळाडूशी त्यांनी चार वर्षांचा, १४ कोटी डॉलरचा करार केला. त्या १४ कोटींतलं त्याला काहीही मिळणार नव्हतं. जुनी रक्कम विभागायला वर्षं हवी होती म्हणून कागदावर वर्षं लिहिली. हौशी नाटकातल्या नोटांच्या बंडलांत वरची एक खरी असते, इथे तीही नव्हती. त्यानंतरचे हंगाम (विजय-पराभव): ९-८, ७-१०, ९-८, ५-१२. प्लेऑफ एकदाही नाही.

पण या उदाहरणातून जो धडा काढला जातो तो मला पटत नाही. सेंट्सची चूक नेमकी कोणत्या वर्षी झाली? २०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षं त्यांनी आपला विभाग जिंकला. जानेवारी २०१९ मध्ये रॅम्सच्या बचावपटूने पास यायच्या आधीच समोरच्याला आडवं केलं, पंचांनी शिट्टी वाजवली नाही, आणि सुपर बोल हुकला. त्या निर्णयावर न्यू ऑर्लिन्समध्ये अजून लोक तावातावाने बोलतात. चाळिशीला आलेला ब्रीस, त्याच्याभोवती ऐन बहरातले खेळाडू: अशा वेळी उद्याचे पैसे आज काढायचे नाहीत तर कधी? ती उचल योग्यच होती. चूक त्यानंतरची. ब्रीस गेल्यावर ज्याच्यासाठी कर्ज काढलं तो सणच संपला होता. तेव्हा एक वर्ष दात-ओठ खाऊन हिशेब मिटवायचा, तर त्यांनी तिशी ओलांडलेल्या त्याच मंडळींचे करार पुन्हा पुन्हा वाटून लांबवले आणि २०२३ मध्ये क्वार्टरबॅक डेरेक कारला चार वर्षांचे १५ कोटी कबूल केले. का? कारण प्रत्येक मार्चमध्ये त्यांना वाटत होतं की आपण अजून एकाच खेळाडूने कमी आहोत. ‘कर्ज वाईट’ असा सरसकट निष्कर्ष काढला की २०१८ आणि २०२२ मधला हा फरकच पुसून जातो.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये, आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, याच आजाराचं एक झणझणीत उदाहरण आहे. ला लीगाच्या वेतनमर्यादेत बसेना म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाला मेस्सी सोडावा लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी लीगमधून येणाऱ्या टीव्हीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तब्बल २५ वर्षांसाठी एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला आणि त्या पैशांवर ३३ वर्षांचा लेवांडोव्हस्की आणला. लीग जिंकली, हे मान्य. पण २०४६ सालच्या चाहत्याचे पैसे घालून २०२३ ची लीग जिंकणं, याला व्यवस्थापन म्हणायचं की वतन विकणं? एनएफएलमध्ये निदान पाच वर्षांची कडी आहे; त्यापलीकडे बोनस लांबवता येत नाही. ती कडीही अनुभवातूनच आवळत गेली. १९९५ मध्ये डॅलसने डिऑन सँडर्सला सुमारे १ कोटी ३० लाखांचा साइनिंग बोनस देऊन सुरुवातीच्या वर्षांत किमान पगारावर ठेवलं, तेव्हा असे करार रोखायला लीगला नवा नियम करावा लागला होता. डेन्व्हरने तर नव्वदच्या दशकातल्या विजयी वर्षांत जॉन एल्वे आणि टेरेल डेव्हिसचे पैसे लपवून पुढे ढकलले. ते उघडकीस आल्यावर दोनदा दंड झाला, दोनदा तिसऱ्या फेरीतली निवड गेली. खोट्या मर्यादेसाठी कुणी एवढी लपवाछपवी करतं का?

आता फिलाडेल्फिया. तिथल्या ईगल्सचे जनरल मॅनेजर हाउवी रोझमन पोकळ वर्षं जितक्या सढळ हाताने लावतात तितकी सेंट्सनीही लावली नसतील. तरी एक संघ तळाला आणि दुसरा शिखरावर. ९ फेब्रुवारी २०२५ ला ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं धुतलं, आणि कुठे, तर न्यू ऑर्लिन्समध्ये, सेंट्सच्याच घरच्या मैदानात. फरक कुठे आहे? एक तर वेळेत. क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सशी त्यांनी १७ एप्रिल २०२३ ला करार केला, पाच वर्षांचे साडेपंचवीस कोटी. त्या दिवशी तो लीगमधला सर्वांत महागडा खेळाडू होता आणि सगळ्यांनी भुवया उंचावल्या. मग इतर संघांचे क्वार्टरबॅक: दहा दिवसांत लमार जॅक्सन २६ कोटींवर गेला, जुलैत जस्टिन हर्बर्ट सव्वासव्वीस कोटींवर, सप्टेंबरमध्ये जो बरो साडेसत्तावीसवर. दीड वर्षात डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटने वर्षाला ६ कोटींचा भाव मिळवला. हर्ट्स बसल्या जागी स्वस्त झाला. शिवाय करार असा रचला होता की २०२३ च्या हिशेबात त्याचा आकडा एक कोटीच्याही आत राहिला. वाढत्या बाजारात जो आधी सही करतो तो जिंकतो, एवढं साधं आहे हे.

दुसरा फरक जास्त कठीण आहे, कारण तो काळीज घट्ट करायचा आहे. त्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला पळता भुई थोडी करणारे दोघे आठवतात? जॉश स्वेटने त्याला अडीचदा पाडलं (अर्धं श्रेय दुसऱ्याबरोबर वाटून), मिल्टन विल्यम्सने दोनदा. महिनाभरात दोघेही गेले. एक ॲरिझोनाला, दुसरा न्यू इंग्लंडला, चार वर्षांचे १० कोटी ४० लाख घेऊन. मिरवणुकीचा गुलाल अंगावर असताना नायकांना निरोप देणं किती संघांना जमतं? रोझमनना जमलं, कारण त्यांची उचल ठरावीक लोकांसाठीच होती: क्वार्टरबॅक, त्याच्यापुढची भिंत, दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे. बाकीच्या जागा ड्राफ्टमधून आलेल्या पोरांच्या. त्याच सामन्यात कूपर डीजीनने महोम्सचा पास पळवून टचडाऊन केला, तो दिवस त्याचा बाविसावा वाढदिवस होता. कॅन्सस सिटीनेही हेच आधी केलं होतं. महोम्सला १० वर्षांचे ४५ कोटी दिल्यावर २०२२ मध्ये त्यांनी रिसीव्हर टायरीक हिलला मायामीला दिलं, बदल्यात पाच निवडी घेतल्या आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. रोझमन चुकत नाहीत असं नाही. आधीचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झपायी ३ कोटी ३८ लाखांचा डेड मनी २०२१ मध्ये त्यांनीच ओढवून घेतला होता आणि तो तेव्हाचा विक्रम होता. पण ती चूक एकाच वर्षात गिळून ते मोकळे झाले. पुढच्या हंगामात ते सुपर बोलमध्ये होते.

उशिराची किंमत पाहायची तर डॅलसला चला. क्वार्टरबॅकवर तुटून पडणाऱ्या मायका पार्सन्सचा करार करायला मालक जेरी जोन्स यांच्याकडे अख्खा उन्हाळा होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला त्याच्याच जातीच्या मॅक्स क्रॉस्बीने वर्षाला ३ कोटी ५५ लाखांचा करार केला. त्याच महिन्यात माइल्स गॅरेट ४ कोटींवर गेला, जुलैत टी. जे. वॉट ४ कोटी १० लाखांवर. जोन्स थांबून राहिले. ऑगस्टच्या शेवटी पार्सन्स ग्रीन बेला गेला आणि त्याला मिळाले वर्षाला ४ कोटी ७० लाख. डॅलसला दोन पहिल्या फेरीतल्या निवडी आणि बचावपटू केनी क्लार्क मिळाले. जोन्स यांच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, ते नाकारत नाही: एका माणसावर एवढं घातलं तर उरलेल्या बावन्न जणांचं काय, हा प्रश्न योग्यच आहे. पण तो प्रश्न फेब्रुवारीतही तितकाच योग्य होता. तेव्हा विचारला असता तर विकायलाही जास्त गिऱ्हाइकं होती आणि ठेवायलाही भाव कमी होता. सीडी लॅम्ब आणि प्रेस्कॉटच्या वेळीही २०२४ मध्ये हंगाम तोंडावर येईपर्यंत असंच ताणलं होतं. एकाच घरात हे पुन्हा पुन्हा घडतं तेव्हा दोष मर्यादेला द्यायचा?

एक मोठा आक्षेप राहतो. मर्यादा नसती तर मोठ्या शहरांनी लहानांना कधीच गिळलं असतं, म्हणून तिच्याविषयी कृतज्ञ असा, ती वाकवणाऱ्यांना नावं ठेवा. ग्रीन बेचा दाखला दिला जातो: लाखभर वस्तीचं गाव, मालक एक धनदांडगा नाही तर गावोगावचे भागधारक, तरी न्यू यॉर्कच्या बरोबरीने उभं. पण ग्रीन बेला उभं ठेवणारी गोष्ट दुसरीच आहे. १९६१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या संघांचे टीव्हीचे पैसे एकत्र करून समान वाटायला अमेरिकी संसदेकडून कायदा करून घेतला. ग्रीन बे आपला ताळेबंद जाहीर करतं, म्हणून आकडा ठाऊक आहे: मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात लीगच्या सामायिक उत्पन्नातून त्यांच्या वाट्याला ४३ कोटी २६ लाख डॉलर आले. त्या हंगामाची मर्यादा होती २५ कोटी ५४ लाख. तिकिटाचा, बिअरचा, पार्किंगचा एक डॉलर यायच्या आधीच खेळाडूंचा खर्च सुटला आणि वर १७ कोटींहून जास्त उरले. समता म्हणाल, तर याच मर्यादेखाली न्यू इंग्लंडने सहा सुपर बोल जिंकले. शिवाय बोनस रोख द्यावा लागतो आणि हमीची पुढची रक्कमही बाजूला काढून ठेवावी लागते, त्यामुळे ज्या मालकाच्या हाताशी रोकड जास्त त्याला ढकलाढकलीचा वाव जास्त. मर्यादा सगळ्यांना सारखी आहे, खिसे नाहीत.

योगायोग असा की त्याच १९६१ साली, जानेवारीत, इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या कमाल पगाराचा नियम मोडीत निघाला. १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंड अशी सुरुवात झालेला तो नियम साठ वर्षांत २० पौंडांपर्यंत आला होता, आणि पूर्ण काळ त्याचं समर्थन एकच: लहान क्लब मरतील. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केली, नियम गेला, आणि फुलमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. स्टेडियम भरभरून वाहत असताना ते पैसे इतकी वर्षं कुठे जात होते, हे मग कुणाला सांगावं लागलं नाही. एनएफएलची मर्यादा त्या जातीची नाही, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. तिच्यात किमान वाटा बांधलेला आहे आणि ती सौद्यातून आली. १९८७ चा संप मालकांनी बदली खेळाडू उतरवून मोडला; मग खेळाडू कोर्टात गेले, १९९२ मध्ये मिनिआपोलिसच्या ज्यूरीने फ्रीमन मॅकनीलच्या खटल्यात लीगविरुद्ध कौल दिला, आणि तडजोडीत खेळाडूंना मिळाली संघ बदलायची मोकळीक, मालकांना मिळाली मर्यादा. रेजी व्हाइट १९९३ मध्ये चार वर्षांचे १ कोटी ७० लाख घेऊन ग्रीन बेला गेला तो याच मोकळिकीतून. दोन्ही बाजूंनी काही देऊन काही घेतलं. तेव्हा मर्यादा म्हणजे मालकांनी चाहत्यांवर केलेले उपकार, हे कीर्तन बंद करायला हरकत नाही.

मला या वादात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, की दोन्ही बाजूंचं बोट शेवटी खेळाडूकडे वळतं. ‘त्याने एवढे मागितले म्हणून बाकीचे गेले.’ न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीने कसे कमी घेतले, मग याला काय झालं? वॉटसनच्या करारानंतर पुढच्यांना पूर्ण हमी का मिळाली नाही, यावर खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितली होती. जानेवारी २०२५ मध्ये लवादाने म्हटलं की हमी कमी ठेवा असं लीगच्या कचेरीने मालकांना सुचवलं होतं, मात्र मालकांनी संगनमताने तसं केल्याचा पुरेसा पुरावा नाही. निकाल महिनोन्‌महिने गुप्त राहिला आणि जूनमध्ये एका पत्रकाराने बाहेर काढला. मर्यादा इतकी कडेकोट असेल, तर वर हमीबद्दल कानगोष्टी करायची गरज का पडावी?

आणि न्यू यॉर्क जायंट्सचं तर सगळं उघड्यावर झालं. मार्च २०२३ मध्ये एकाच दिवशी त्यांनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी दिले आणि सॅक्वॉन बार्कलीला एका वर्षाच्या टॅगवर बसवलं, म्हणजे लांबचा करार न देता वर्षभर अडकवून ठेवलं. बार्कलीसारखे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे, लवकर झिजतात, त्यांना मोठा करार देऊ नये, हा त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. टॉड गर्लीला २०१८ मध्ये मोठा करार देऊन रॅम्सना दोन वर्षांतच सोडावं लागलं होतं. पण रनिंग बॅकवर वाचवलेले पैसे कुणावर लावले? पुढच्या मार्चमध्ये बार्कली ३ वर्षांच्या पावणेचार कोटींवर ईगल्सकडे गेला. मालक जॉन मारा यांनी तेव्हा कॅमेऱ्यासमोरच म्हटलं होतं की हा फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. २०२४ मध्ये बार्कली २,००५ यार्ड धावला, आणि ईगल्सच्या हिशेबात त्या वर्षी त्याचा आकडा ४० लाखांच्याही आत होता. जायंट्सनी नोव्हेंबरमध्ये जोन्सला सोडलं आणि हंगाम ३-१४ वर संपवला. त्या दोघांपैकी एकालाच ठेवण्याएवढी जागा होती, असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे; कुणाला ठेवायचं हे मर्यादेने सांगितलं नव्हतं.